सांगलीतून सिनेमा काढायचा तर: निर्मात्याचा हिशेब, तिकिटापासून मागे

दर दोन-तीन महिन्यांनी सांगलीच्या विश्रामबागला चहाच्या गाड्यावर कुणीतरी भेटायला येतं. काखेत स्पायरल बाइंडिंगची पटकथा असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, गोष्ट एक नंबर आहे. डायरेक्टर तयार, कॅमेरामन तयार. फक्त निर्माता पाहिजे." या पोरांच्या लेखी निर्माता म्हणजे पैसेवाला माणूस. विट्याकडचा गलाईवाला शेठ, तासगावचा बेदाण्याचा व्यापारी, नाहीतर निवडणुकीत पडल्यामुळे सध्या मोकळा असलेला कुणी पुढारी. मी सांगतो, तो फायनान्सर. निर्माता तू स्वतः हो, नाहीतर तुमच्यात जो सगळ्यांचे फोन न चुकता उचलतो त्याला कर.

कायदाही जवळपास हेच म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्माता म्हणजे चित्रपट करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पैशाचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. शिवाय कायद्याच्या नजरेत चित्रपटाचा कर्ता दिग्दर्शक नसतो, निर्माता असतो. हे ऐकल्यावर बऱ्याच दिग्दर्शकांचा चहा गार होतो.

माझं सांगायचं तर, वाईला बाहेरच्या युनिटांच्या प्रॉडक्शनमध्ये नऊ वर्षं काढली, मग स्वतःचे दोन मराठी चित्रपट काढले. एक थिएटरात लागला. दुसरा डब्यात आहे. डब्यातला वाईट झालाय असं नाही. पॅकअपच्या दिवशी आमच्या खात्यात अकरा हजार रुपये उरले होते, एवढंच. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या दुसऱ्या चित्रपटाने शिकवलेलं आहे.

आधी तिकीट फाडून बघा

बजेट करायला बसताना सगळे कॅमेऱ्यापासून सुरू करतात. तुम्ही तिकिटापासून सुरू करा.

समजा मल्टिप्लेक्समध्ये तिकीट १५० रुपये. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२ रुपये ८८ पैसे सरकारचे. उरले १२७.१२. मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते यांच्यात २००९ मध्ये मोठा संप होऊन जी तडजोड झाली, तिच्यात पहिल्या आठवड्याला निम्मा वाटा, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि चौथ्याला तीस टक्के असं ठरलं होतं. मराठीत घासाघीस वेगळी होते, पण मोजायला हाच गज घ्या. पहिल्या आठवड्याचे ६३.५६ झाले. वितरकाचं कमिशन दहा टक्के धरलं तर तुमच्या हाती ५७ रुपये २० पैसे. दुसऱ्या आठवड्यात तेच तिकीट तुम्हाला साधारण साडेअठ्ठेचाळीस रुपये देतं. तिकीट शंभराचं असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, तरी पहिल्या आठवड्यात हातात त्रेचाळीस रुपयांच्या आसपासच येतात.

आता चित्रपटाला ८० लाख लागणार असतील तर ते ५७.२० ने भागा. जवळपास एक लाख चाळीस हजार तिकिटं, तीही सगळी पहिल्याच आठवड्यात. अडीचशे खुर्च्यांचं थिएटर धरलं तर सुमारे ५६० हाउसफुल्ल खेळ. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा आणि मग ठरवा, क्रेन खरंच पाहिजे का.

एवढ्यावरून धंदा सोडायचा नसतो. टीव्ही, ओटीटी, डबिंग, सरकारी अनुदान या बाजूही आहेत, त्यावर पुढे येतो. पण थिएटर एकटं पैसे परत देईल या भरवशावर कर्ज काढू नका.

यातून माझा एक नियम झाला. शास्त्राधार काही नाही, खाल्लेल्या ठेचा आहेत. शंभर रुपयांतले पंचावन्न पॅकअपपर्यंत, वीस संकलन-ध्वनी-रंगसंस्कारावर आणि पंचवीस प्रदर्शनासाठी. ते पंचवीस वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्या खात्याचं चेकबुक दिग्दर्शकाला दिसेल असं ठेवायचं नाही. माझ्या दुसऱ्या चित्रपटात ते खातं होतं. चौदाव्या दिवशी पाऊस आला आणि आम्ही त्यातून "तात्पुरते" काढले.

तिकिटापासून हिशेब करण्याचा हा धडा सांगलीला नवा नसावा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर केलं ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, दरबारचा आधार सुटला. मग भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आपण त्यांना नाटककार म्हणतो. माझ्या हिशेबी ते सांगलीतले पहिले स्वतंत्र निर्माते.

गोष्ट विकत घेताना

गोष्ट मित्राची असली तरी कागद करा. तोंडी दिलेला हक्क कायद्यात हक्क नसतो, हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. आणि त्या कागदात तीन गोष्टी राहिल्या तर कायदा स्वतःच त्या भरतो, तुमच्या विरुद्ध. मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त पाच वर्षांचा. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता, म्हणजे परदेशातली विक्री गेली. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपल्यात जमा, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आपल्याकडे गोष्ट घेतल्यापासून कॅमेरा फिरेपर्यंत दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे शेवटचं कलम वकिलाला आठवणीने सांगा.

जुन्या लेखकाची कथा घेणार असाल तर लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. वारस म्हणजे सगळे वारस. एक मुलगा पुण्याला, एक मुलगी इस्लामपूरला, तिसरा बोलत नाही. तिघांच्याही सह्या लागतात. घाई करून एकाच्या सहीवर मुहूर्ताचा नारळ फोडला की उरलेले दोघे बरोबर ट्रेलर आल्यावर भेटायला येतात.

गीतकार-संगीतकाराचं थोडं वेगळं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चित्रपटाबरोबर वाजण्यापलीकडे गाणं जिथे जिथे वापरलं जाईल, तिथल्या रॉयल्टीचा त्यांचा वाटा ते तुम्हाला देऊन टाकू शकत नाहीत. "सगळे हक्क कायमचे निर्मात्याकडे" असं छापील कलम घालून उपयोग नाही.

पटकथेची नोंद मुंबईच्या पटकथाकारांच्या संघटनेकडे लेखकाला करायला सांगा. चित्रपटाच्या नावाची नोंद तुम्ही करा. आपल्याला सोयीचं म्हणजे अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, त्याचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. नाव मिळेपर्यंत पोस्टर करू नका.

पैसे आणायचे कुठून, आणि कसे आणायचे नाहीत

आपल्या भागात सिनेमाला पैसा मिळतो, हे मी ठामपणे सांगतो. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत आणि गावच्या नावाने काही होत असेल तर हात आखडत नाहीत. ऊस, द्राक्षं, हळद, दूध या सगळ्यांत पैसा फिरतो. अडचण असते ती पैसा कोणत्या नावाखाली घेतला यात.

"दोन लाख द्या, वर्षात तीन करून देतो" असं सांगून गावातल्या पन्नास जणांकडून पैसे गोळा केलेत तर तो चित्रपटाचा निधी राहत नाही, ती ठेव होते. परवानगीशिवाय ठेवी घ्यायला २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितासाठी १९९९ चा कायदा वेगळा. दोन्हींत तुरुंग आहे. भिशीच्या पैशावरही सिनेमा काढू नका.

सरळ वाट अशी. चित्रपटासाठी स्वतंत्र एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा खासगी कंपनी काढा. मोजके गुंतवणूकदार घ्या, पाच-सात पुरेत. ते भागीदार किंवा भागधारक होतात, सावकार होत नाहीत. करारात परताव्याचं आश्वासन येऊ देऊ नका. त्याऐवजी पैसे आल्यावर कुणाला कोणत्या क्रमाने मिळतील ते लिहा: आधी कर आणि थकलेली देणी, मग गुंतवणूकदारांची मुद्दल, मग नफा ठरलेल्या प्रमाणात. हा क्रम एका पानावर, मराठीत, आकड्यांच्या उदाहरणासह. शेठ लोक इंग्रजी करारावर न वाचता सही करतात आणि भांडण मराठीत करतात.

स्वतःचं मानधन बजेटमध्ये लिहा. "मी घरचाच आहे, माझं काय" म्हणणारा निर्माता तिसऱ्या महिन्यात युनिटच्या डिझेलमधून घरचा किराणा भरायला लागतो. त्यापेक्षा आकडा उघड असलेला बरा.

आणि मागायला जाताना हात हलवत जाऊ नका. दादासाहेब फाळक्यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी भाषण दिलं नाही. वाटाण्याला कोंब फुटून रोप वाढताना त्यांनी रोज थोडं थोडं चित्रित केलं आणि ती छोटी फीत दाखवली. तुमच्याकडे तर मोबाइल आहे. हरिपूरच्या संगमावर दोन नटांना उभं करून तीन मिनिटांचा एक प्रसंग करा, नीट आवाजासकट. पन्नास पानी फाइल कुणी उघडत नाही, तीन मिनिटं मात्र जेवणाच्या ताटावरही बघितली जातात.

एका ओळीत किती कागद असतात

पैसे कबूल झाले की ब्रेकडाउन. पटकथेची प्रत्येक ओळ वाचून तिच्यात काय काय लागतं ते काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि निर्मात्याने स्वतः करायचं आहे. माझ्या पहिल्या चित्रपटातली एक ओळ तशीच देतो:

"सकाळ. कृष्णेचा घाट. आजोबा पायरीवर विडी ओढत बसलेत, नात बैलाला पाणी पाजते. वरून गाव दिसतं."

वाचायला दहा सेकंद. आता बघा.

घाट म्हणजे जागेची परवानगी. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, नदीपात्रात उतरणार तर पाटबंधारे, पोलिस ठाण्याला पत्र. सरकारी जागांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत ऑनलाइन अर्ज जातो. तो करा, पण गावच्या सरपंचाला आणि देवळाच्या पुजाऱ्याला आधी जाऊन भेटा. खिडकीतून आलेला कागद दाखवल्यावर घाट रिकामा होत नाही. जुन्या वाड्यांसाठी मालकाची लेखी संमती लागते, कासच्या पठारासारख्या जागी वनखात्याची. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याकडे महिनाभर तरी आधी जा.

विडी म्हणजे तंबाखूचे नियम. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याची तीस-तीस सेकंदांची फीत, आणि विडी दिसते तोवर खाली इशारा. दिग्दर्शकाला विचारा, आजोबांना विडी हवीच का. आमच्या आजोबांना शेवटी सुपारी दिली.

नात नऊ वर्षांची. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटात घ्यायचं तर चित्रीकरण ज्या जिल्ह्यात त्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीने सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, आणि मानधनातले किमान वीस टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. नातीच्या आईला सेटवर खुर्ची द्या. जिल्हाधिकारी कार्यालय विचारणार नाही अशा शंभर गोष्टी ती माउली बघते.

"वरून" म्हणजे ड्रोन. २०२१ च्या नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी हवी आणि व्यावसायिक उडवायचं तर परवानाधारक चालक. ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाजवळ मर्यादा उतरते. कराडला विमानतळ आहे हे कराडच्या आसपास शूटिंग करणारे हमखास विसरतात. नकाशा आधी बघा.

आणि बैल.

आमचा बैल नट नव्हता. घाटाजवळ ज्यांच्या घरी जेवण बनत होतं त्यांच्याच दावणीचा, शिंगांना जुनी बेगड राहिलेला, गरीब जनावर. आजोबांची भूमिका करणाऱ्या नटाने त्याच्या गळ्याखाली खाजवत दीड मिनिट नुसतं बोलून दाखवलं. संवाद लिहिलेला नव्हता. सगळं युनिट गप्प उभं. कट म्हटल्यावर कॅमेरामनने डोळे पुसले. तो शॉट आज कुठेच नाही. चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, मालकाचा कागद आणि पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला जोडून, आणि शूटिंगनंतर त्यांचं ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय सेन्सॉरचं काम पुढे सरकत नाही. मला वाटलं होतं, दावणीचा बैल म्हणजे घरच्यासारखाच, त्याला कसला अर्ज. प्रमाणपत्राच्या वेळी ते चार शॉट कापून टाकावे लागले. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. अर्ज बैल ठरल्याच्या दिवशी जाऊ द्या, शूटिंगच्या आठवड्यात नाही. शर्यतीचा, जत्रेचा, मेंढपाळाचा विषय असेल तर हे तुमचं पहिलं काम.

पंचांग, ऊस आणि वेळापत्रक

ढोबळ हिशेबाने पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. शंभर पानांना छोट्या युनिटने रोज चार-पाच पानं केली तर बावीस-चोवीस दिवस. त्यात दोन दिवस पावसाचे आणि एक भांडणाचा धरा.

मग भिंतीवरचं पंचांग काढा. पौष पौर्णिमेला मांढरदेवला काळूबाईची यात्रा, वाईकडचा रस्ता भरून वाहतो. हिवाळ्याच्या अखेरीस वाईच्या घाटांवर कृष्णामाईचा उत्सव असतो. रंगपंचमीला बावधनचं बगाड. या दिवसांत तुम्हाला गाडी, लॉज, पोलिस, काही मिळत नाही आणि ध्वनिमुद्रण तर विसराच. उलट यात्राच चित्रपटात हवी असेल तर वर्षातून एकच दिवस आहे, बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती बांधा.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो तो मार्चपर्यंत. उसाचे ट्रॅक्टर टेप फुल्ल लावून जातात. एका ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून आवाज बंद करता येतो, मागून येणाऱ्या चाळिसांना नाही. पण त्याहून मोठा घोटाळा फडाचा. आम्ही पहिल्या आठवड्यात नायकाचं अर्धं भांडण हिरव्यागार उसात घेतलं आणि उरलेलं अर्धं बाराव्या दिवशी घ्यायला गेलो, तर पुढे मोकळं रान आणि पाचट. अकराव्या दिवशी टोळी येऊन ऊस तोडून गेली होती. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा, कारखान्याची तोड आली की तो थांबत नाही. तेव्हापासून उसात शूटिंग असेल तर मालकाशी लिहून घेतो: अमुक तारखेपर्यंत तोड नाही, उशिराने वजन घटलं तर फरक आम्ही देणार. फरक काही हजारांत जातो. पुन्हा युनिट जमवणं लाखात.

शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की विहिरीवरची मोटार सुरू होते आणि साउंडवाला हेडफोन काढून तुमच्याकडे बघतो. त्या आठवड्याचं वीज वेळापत्रक वायरमनकडून घ्या.

सेटवर

निर्मात्याने सेटवर काय बघायचं? मॉनिटर नाही. दुपारची ताटं मोजा.

कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवशी सेटवर कोण येणार त्या यादीत, माणसं अठ्ठावन्न, ताटं लागली एक्क्याऐंशी. बाकीचे तेवीस कोण? पाच ड्रायव्हर लिहायचे राहिले, दोन नटांचे पाहुणे, सरपंचांचे चिरंजीव व मित्रमंडळ, आणि उरलेले तुम्ही ज्यांच्या दारात उभे आहात ते. शेवटच्यांना जेवायला घालायचंच, तो खर्च लोकेशनमध्ये धरा. पण चौथ्या दिवशीही ड्रायव्हर कॉलशीटवर नसतील तर तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला सेटवर काय चाललंय ते माहीत नाही. ताटांवरून मला डिझेलची चोरी कळलीय.

रोज रात्री एक पान: आज किती प्रसंग झाले, किती राहिले, किती पैसे गेले, उद्या कुणाला किती द्यायचे. पैसे शक्यतो बँकेतून. कलाकार-तंत्रज्ञांच्या मानधनातून साधारण दहा टक्के टीडीएस, गाडीवाला किंवा आचारी एकटा ठेकेदार असेल तर एक टक्का, मर्यादेवरच्या रकमेला. आणि तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा. सनदी लेखापाल पहिल्या दिवसापासून ठेवा. कॅमेऱ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी भरता, तो हक्क विकताना वळता करून घ्यायचा तर बिलं कंपनीच्या नावावर हवीत.

जो चेहरा ओळखू येतो त्याची संमतीपत्रावर सही, घाटावर धुणं धुणाऱ्या मावशीचीसुद्धा.

चित्रीकरणाचा डेटा दोन डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. तिसरी प्रत दुसऱ्या गावात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझी करारांची फाइल तळमजल्यावर होती. डिस्क सुदैवाने मेहुण्याकडे विट्याला. सगळे कॅमेरे सेकंदाला २४ फ्रेमवर लावलेत का तेही पहिल्या दिवशी स्वतः बघा, ड्रोनसकट. थिएटरची प्रत त्याच वेगाची असते, आणि तीसवर घेतलेला ड्रोनचा शॉट नंतर उचक्या देतो.

प्रमाणपत्र, अनुदान, महोत्सव

संकलन, डबिंग, रंगसंस्कार, ५.१ ध्वनी, सब-टायटल. ही कामं मुंबई-पुण्यात होतात, कोल्हापुरातही काही होतात. यातलं फार सांगत नाही, फक्त ध्वनीवर कंजुषी करू नका. चित्र थोडं काळपट असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो.

सेन्सॉरचा अर्ज ऑनलाइन, आपल्याला मुंबईचं कार्यालय. २०२४ च्या नियमांपासून यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) वर्गाचे तीन भाग झालेत: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. टीव्हीला विकायचं असेल तर प्रौढांचं प्रमाणपत्र परवडत नाही, हे पटकथेच्या वेळीच ठरवा. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे. पूर्वीचं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, त्यानंतर थेट उच्च न्यायालय. प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग अर्ज करणारे निर्माते मी पाहिलेत. त्यांच्याशी कुणी घासाघीसही करत नाही, त्यांनीच आपली मान दिलेली असते.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देतं. समिती चित्रपट बघून दर्जा ठरवते आणि पैसे चित्रपट झाल्यावर येतात. अर्ज जरूर करा. पण ही रक्कम बजेटच्या जमेत मांडू नका, तो दिवाळीचा बोनस आहे. बोनसवर घर चालत नाही.

महोत्सवात पाठवायचं तर थिएटरच्या आधी. जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, त्यात मराठीची वेगळी स्पर्धा. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आणि त्याच्याच जोडीला एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार, जो २००७ पासून भरतो. तिथे अर्धवट संकलित चित्रपटही दाखवता येतो, विकत घेणारे आणि महोत्सवांचे निवडकर्ते भेटतात. पहिल्या वेळी मी तिथे नुसता हिंडलो, ओळखी झाल्या, विकलं काही नाही. जाण्याआधी भेटी ठरवून जा. आणि ट्रेलरच्या उत्साहात पूर्ण चित्रपट कुणालाही उघड्या लिंकवर पाठवू नका.

शुक्रवार

आता ते पंचवीस टक्के काढा. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, बनवायचा, त्याला कुलूप असतं आणि प्रत्येक पडद्यासाठी ठरावीक मुदतीची डिजिटल किल्ली. यूएफओ, क्यूबसारख्या कंपन्यांच्या यंत्रणेवरून चित्रपट दाखवायचे पडद्यामागे पैसे निर्मात्यालाच भरावे लागतात, खुर्च्या भरोत न भरोत. म्हणून दीडशे पडद्यांचा हट्ट नको. सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, सातारा, पुण्यात चार. गोष्ट जिथली आहे तिथे आधी. सोमवारी आकडे बघून वाढवा. वितरकाशी करारात जाहिरातीचा खर्च कुणी, किती आणि आधी कुणी वसूल करायचा ते लिहा. बहुतेक भांडणं कमिशनवर होत नाहीत, पोस्टरच्या बिलांवर होतात.

हक्क तुकड्यांनी विका. टीव्ही वेगळा, ओटीटी वेगळा, हिंदी डबिंग वेगळं, पुनर्निर्मिती वेगळी, आणि प्रत्येकाला मुदत. पैशांची ओढ असते तेव्हाच "सगळे हक्क, कायमचे, एकरकमी" असा प्रस्ताव येतो. माझ्या ओळखीत ज्यांनी तो घेतला ते आजही त्या व्यवहाराबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

दोन चित्रपटांच्या मधली वर्षं

हा उद्योग महिन्याचा पगार देत नाही. आपल्या भागात एक सोय आहे: वाई, मेणवली, पाचगणीला बाहेरची युनिटं येत असतात, त्यांना स्थानिक लाइन प्रोड्यूसर लागतो. परवानग्या, गाड्या, जेवण, गर्दी, लॉज. त्यात पैसे वेळेवर मिळतात आणि दुसऱ्याच्या खर्चाने शिकायला मिळतं. मी नवख्याला सांगतो, आधी दोन चित्रपट असेच कर, तेही हिशेबाच्या टेबलावर. साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या, शाळांच्या फिती करण्यात कमीपणा मानू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचे छोटे अभ्यासक्रम असतात, जमला तर एखादा करा.

चित्रपट चालो न चालो, चौथ्या आठवड्यानंतर गुंतवणूकदारांना लेखापालाच्या सहीचा एक पानी हिशेब नेऊन द्या. स्वतः जाऊन. माझ्या पहिल्या चित्रपटात तोटा होता, पण पान होतं. त्यामुळेच दुसऱ्यासाठी त्याच दारात उभं राहता आलं.

त्या दुसऱ्याची डिस्क मी दर सहा महिन्यांनी संगणकाला लावून उघडून बघतो. नुसती पडून राहिली की डिस्क मरते. परवा उघडली, चालते. ध्वनी, सब-टायटल, डीसीपी, सेन्सॉर आणि आठ पडद्यांचे दोन आठवडे असा उरलेला खर्च नव्याने वहीत मांडला आहे. बैलाची परवानगी या वेळी आधीच घेतलेली होती.